निवृत्तिवेतनाचा हक्क आणि कामगारांतील फूट

निवृत्तिवेतनाचा विषय निघाला की दोन कष्टकऱ्यांत भांडण लावून देण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सरकारी व निमसरकारी कर्मचाऱ्यांनी जुन्या निवृत्तिवेतन योजनेसाठी संप केला, तेव्हा अनेक संभावितांनी एकच सवाल केला : सरकारी नोकरांच्या म्हातारपणाचा भार खाजगी कारखान्यात राबणाऱ्याने का सोसावा? ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात हा सवाल विशेष झोंबणारा आहे. डोंबिवलीत मंत्रालयातून निवृत्त झालेला कारकून आणि औद्योगिक वसाहतीतून निवृत्त झालेला फिटर एकाच इमारतीत राहतात. पहिल्याचे निवृत्तिवेतन महागाईबरोबर वाढते, दुसऱ्याचे एका पैशानेही वाढत नाही. अशा वेळी दुसऱ्याला पहिल्याचा हेवा वाटला, तर त्याला वर्गजाणिवेचे धडे देऊन भागणार नाही. त्याची तक्रार खरी आहे.

ती किती खरी आहे, हे आकडेच सांगतात. खाजगी क्षेत्रातील कामगारांसाठी १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी निवृत्तिवेतन योजना लागू झाली. मालकाच्या भविष्य निर्वाह निधीच्या वर्गणीतून वेतनाचे ८.३३ टक्के या योजनेत जातात आणि केंद्र सरकार १.१६ टक्के घालते. मात्र हिशेबासाठी वेतनाची मर्यादा सप्टेंबर २०१४ मध्ये १५,००० रुपये ठरली. त्या हिशेबाने मालकाचा वाटा होतो दरमहा १,२५० रुपये आणि सरकारचा १७४ रुपये. सेवेच्या वर्षांना वेतनाने गुणून ७० ने भागायचे, हे निवृत्तिवेतनाचे सूत्र. ३५ वर्षांची सेवा गणली गेली तरी या मर्यादेत हाती पडतात ७,५०० रुपये. किमान निवृत्तिवेतन त्याच महिन्यात १,००० रुपये झाले आणि दहा वर्षांनी, २०२४ मध्येही, ते तेवढेच होते.

आता दुसरी बाजू पाहावी. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि महाराष्ट्र सरकारनेही ती स्वीकारण्याचा निर्णय लगोलग घेतला. पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाचा अर्धा भाग, आणि दहा वर्षांच्या सेवेनंतर किमान १०,००० रुपये, असे तिचे स्वरूप आहे. त्यावर महागाईची भरपाई वेगळी. दहा वर्षांच्या सरकारी सेवेचे किमान हे पस्तीस वर्षांच्या कारखान्यातील सेवेच्या रकमेहून मोठे ठरते. याहून लाजिरवाणी तुलनाही आहे. श्रावणबाळ योजनेतील निराधार वृद्धांचे साहाय्य राज्य सरकारने २०२३ मध्ये १,५०० रुपये केले. ते योग्यच झाले. परंतु ज्याच्या नावाने वर्षानुवर्षे वर्गणी जमा झाली त्या कामगाराचे किमान निवृत्तिवेतन निराधाराच्या साहाय्यापेक्षा कमी असावे, याला न्याय म्हणता येणार नाही.

तथापि या अन्यायाची रेषा सरकारी आणि खाजगी यांच्यामधून सरळ जात नाही. खोपटच्या आगारातून गाडी काढणारा एसटीचा चालक सार्वजनिक महामंडळाचा नोकर आहे, पण त्याचे निवृत्तिवेतन १९९५ च्या त्याच योजनेतून येते. ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या एसटी संपात राज्य शासनात विलीनीकरणाची मागणी इतक्या जिद्दीने का लढवली गेली, याचे एक कारण येथे सापडते. महापालिकेचा कायम सफाई कामगार आणि ठेकेदाराने आणलेला सफाई कामगार एकाच रस्त्यावर झाडू मारतात. एकाला पालिकेचे निवृत्तिवेतन आहे. दुसऱ्याच्या नावाने भविष्य निर्वाह निधी भरला जातो की नाही, हे त्याला खात्यावर पाहिल्याशिवाय कळत नाही. सरकारी नोकरांतही १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेले आणि नंतर लागलेले अशी उभी फूट पाडण्यात आली.

कारखान्यांच्या टाळेबंदीने ही फूट अधिक रुंदावली. कल्याणजवळच्या मोहने येथील एनआरसी कारखान्याला नोव्हेंबर २००९ मध्ये टाळे लागले आणि हजारो कामगारांची देणी वर्षानुवर्षे लटकून राहिली. टाळे लागले की वर्गणी थांबते आणि गणतीतली वर्षेही थांबतात. पुढची दहा-पंधरा वर्षे तो कामगार कुठे रखवालदारी करतो, कुठे रिक्षा चालवतो, पण त्याच्या सूत्रात ती वर्षे येत नाहीत. मालकाने कारखाना बंद केला आणि म्हातारपणी शिक्षा झाली कामगाराला. या पट्ट्यातील निम्न निवृत्तिवेतनाचे मूळ सरकारी कर्मचाऱ्याच्या पगारपत्रकात शोधून सापडणार नाही. ते कारखान्यांच्या बंद दरवाजांत आणि ठेकेदारीत आहे.

उरतो प्रश्न परवडण्याचा. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुनी योजना आणल्यास राज्यावर सुमारे १ लाख १० हजार कोटी रुपयांचा बोजा पडेल, असे सांगितले. हा आकडा थट्टेवारी नेण्यासारखा नाही. राज्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांत जातो, आणि तो पैसा काडेपेटीपासून चपलेपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरणाऱ्या गरिबाकडूनही येतो. पण परवडण्याची चिंता निवडक प्रसंगीच का उफाळते, हेही विचारले पाहिजे. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राने कंपन्यांवरील कर कमी केला, तेव्हा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचे उत्पन्न सोडावे लागेल, असा सरकारचाच अंदाज होता. केंद्राचा आणि राज्याचा खजिना वेगळा, हे खरे. मात्र कामगारांची निवृत्तिवेतन योजना केंद्राचीच आहे.

तिचाच हिशेब करू. राज्यसभेच्या याचिका समितीने भगतसिंग कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखाली २०१३ मध्ये किमान निवृत्तिवेतन ३,००० रुपये करण्याची शिफारस केली होती. हेच कोश्यारी पुढे २०१९ ते २०२३ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल होते. योजनेचे निवृत्तिवेतनधारक सुमारे ७८ लाख आहेत. त्यांतील प्रत्येकाला, गरज असो वा नसो, दरमहा २,००० रुपये वाढवून दिले तरी वर्षाचा खर्च १८,७२० कोटींच्या घरात जातो. २०१९ साली कंपन्यांना सोडलेल्या रकमेचा हा सुमारे आठवा हिस्सा. एवढेही परवडत नाही असे म्हणणाऱ्याने तिजोरीची सबब सांगू नये. प्रश्न पसंतीचा आहे.

डिसेंबर १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाकारा खटल्यात निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीची देणगी नसून केलेल्या सेवेचा हक्क आहे, असा निर्वाळा दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड त्या घटनापीठावर होते, आणि घटनेच्या सरनाम्यातील समाजवादाचा आधार त्या निकालात घेतलेला आहे. हक्काचे हे तत्त्व सरकारी नोकरापुरते राहिले, ही चळवळीचीही उणीव आहे. संघटित कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी आपल्या योजनेसाठी मोर्चे काढले. पण १,००० रुपयांवर गुजराण करणाऱ्यासाठी त्यांचे किती मोर्चे निघाले? आपले शिखर राखायचे आणि पायथ्याकडे पाहायचे नाही, हे धोरण अखेर त्या शिखरालाही वाचवणार नाही. ज्याला काहीच मिळत नाही, तो दुसऱ्याचा हक्क हिरावला जाताना मदतीला येत नाही. २००५ साली नेमके हेच घडले.

म्हणून मागण्यांचा क्रम बदलला पाहिजे. सरकारी कर्मचाऱ्याचे निवृत्तिवेतन कापून कारखान्यातील कामगाराला एक पैही मिळणार नाही, तेव्हा कपातीला विरोध कायम राहीलच. मात्र नव्याने उपलब्ध होणाऱ्या पैशावर पहिला हक्क सर्वांत खालच्या पायरीचा असावा. किमान निवृत्तिवेतन त्वरित वाढवावे, त्याला महागाईची जोड द्यावी, आणि टाळेबंदीच्या काळातील वर्षे सेवेत धरावीत. ठेकेदाराने वर्गणी बुडवल्यास ती महापालिकेने किंवा मूळ मालकाने भरावी. ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील कर्मचारी संघटनांच्या पुढच्या मागणीपत्रकात ही कलमे पहिल्या पानावर यावीत आणि ठेक्यावरच्या कामगाराला त्या मोर्चाच्या पुढच्या रांगेत जागा मिळावी. एवढे झाले, तर दोन कष्टकऱ्यांत भांडण लावणाऱ्यांचा निम्मा धंदा तेथेच बसेल.