नकाशात सुनेची खोली नव्हती

वाशीत रिक्षातून कुठेही उतरा, समोर क्लासच्या फलकावर जेईई-नीटच्या गुणवंतांचे फोटो दिसतात. अशा ठिकाणी मी अकरावी-बारावीला समाजशास्त्र शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत पालक ठरलेला प्रश्न विचारतात, "मॅडम, यात स्कोप काय?" विषय सोपा, गाईड वाचून निघतो, असा त्यांचा समज असतो. स्टाफरूममधल्या काहींचाही आहे. माझं मत अगदी उलट आहे. या विषयाचे प्रश्न वेळेवर धसाला न लावल्याची किंमत नवी मुंबई पन्नास वर्षं मोजते आहे.

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची कल्पना १९६५ मध्ये मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांची भातशेती आणि मिठागरं संपादनात आली. गावठाणं तेवढी जागच्या जागी राहिली. गावांची मोजदाद झालीच नाही, असं मी म्हणत नाही. पण गावठाणाची हद्द ही रेघ असते आणि कुटुंब वाढत असतं. आगरी-कोळी घरात मुलगी लग्न होऊन जाते, मुलगा तिथेच राहतो आणि सून घरात येते. दर लग्नाला एक खोली लागते. पूर्वी ती कडेच्या जमिनीवर निघायची. ती जमीन गेली, लग्नं मात्र होत राहिली. मग घरं वर चढली, हद्दीबाहेर सरकली आणि सरकारदरबारी अनधिकृत ठरली. आज आपण त्यांना 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतो. ती नियमित करण्याचे शासन निर्णय किती आले आणि किती बदलले, ते इथल्या कुठल्याही प्रकल्पग्रस्ताला विचारा.

यातला राजकीय भाग सर्वांना ठाऊक आहे. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचं आंदोलन, जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याच्या परिसरातला गोळीबार, त्यात गेलेले पाच जीव आणि पुढे मिळालेले साडेबारा टक्के विकसित भूखंड. पण भूखंड हातात पडेपर्यंत घरात दुसरी सून आलेली होती.

लग्नानंतर मुलगा कुठे राहतो, वाटणी कधी होते, चुली किती? मानवशास्त्राचा अभ्यास याच प्रश्नांपासून सुरू होतो. समाजशास्त्र त्यांना पुढे जोडतं, मग या घराचं सरकारशी, बाजाराशी, जातीशी नातं काय? ढोबळमानाने एकाने पाडे-वस्त्या अभ्यासायच्या आणि दुसऱ्याने शहरं, अशी विभागणी पश्चिमेत होती. आपल्याकडे ती फारशी टिकली नाही. मालवणात जन्मलेले गो. स. घुर्ये केंब्रिजला मानवशास्त्रज्ञ रिव्हर्स यांच्याकडे शिकले आणि १९२४ पासून मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग सांभाळू लागले. हा विभाग १९१९ मध्ये सुरू केला पॅट्रिक गेडिस यांनी. गेडिस मूळचे जीवशास्त्राचे आणि पुढे ख्यातनाम नगररचनाकार. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा आग्रह होता. म्हणजे मुंबईत हा विषय आणला तोच एका नगररचनाकाराने, आणि तरी खाडी ओलांडेपर्यंत नगररचना आणि समाजशास्त्र यांची ओळखच राहिली नाही!

घुर्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे यांचा भारतातल्या नातेसंबंधांच्या रचनेवरचा ग्रंथ १९५३ चा. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची त्यांनी जाई निंबकर यांच्यासह केलेली पाहणी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. सिडको त्यानंतरच्याच वर्षी निघाली. जमीन गेल्यावर माणसांचं काय होतं, याचा मराठी मुलखातला दाखला घाट चढून गेलं की मिळत होता.

कोयना मला जवळची आहे. आमचे तात्या पाटण तालुक्यातले, माथाडी. आधी मशीद बंदरला गावकीच्या खोलीत राहिले. कांदा-बटाट्याचा बाजार वाशीला आला तसे टोळीबरोबर इकडे आले. त्या खोलीत कुणाला घ्यायचं, वर्गणी किती, आजारी पडलेल्याचं जेवण कुणी करायचं, हे सगळं गावकी ठरवायची. कागदावर काही नव्हतं, पण नियम मोडायची कुणाची छाती नव्हती. समाजशास्त्रज्ञ दुर्खीम शिकवताना मी मुलांना हीच खोली सांगते.

मुलांना मी घराचा नकाशा काढायला लावते आणि कोण कुठे झोपतं ते लिहायला सांगते. जुहूगावातल्या एका मुलीच्या नकाशात तळमजल्यावर आजी, वर काका, त्यावर तिचं कुटुंब आणि सगळ्यात वर बाजारात हमाली करणारे उत्तर प्रदेशातले भाडेकरू होते. इमारत एक, चुली चार. पूर्वी शेतीवर चालायचं ते घर आता वरच्या खोलीच्या भाड्यावर चालतं. तिथे बुलडोझर फिरला तर विटांबरोबर उत्पन्नही जाईल. हे तिने दोन ओळींत लिहिलं होतं. बाकी निबंधात शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या.

सध्या वाशीत सेक्टर ९-१० च्या गळक्या जेएन टाईप इमारतींचा पुनर्विकास आणि गावठाणांत समूह विकासाची चर्चा, दोन्ही सुरू आहे. चर्चा चटईक्षेत्राची होते. चाळीस वर्षांच्या शेजारावर जगणाऱ्या एकट्या म्हाताऱ्यांचं काय, भाडेकरू कुठे जातील, चार चुलींना सदनिका किती, हे प्रश्न बैठकीत कुणी काढत नाही, कारण ते काढायला शिकलेलं माणूसच तिथे नसतं. महापालिकेने आणि सिडकोने समाजशास्त्राचे पदवीधर नेमावेत आणि आराखड्याआधी घरोघर पाहणी करावी. अहवाल मराठीत छापून गावठाणात वाटावा, आणि लोकांच्या हरकती नोंदवल्याशिवाय पुढच्या कागदावर सही करू नये.