पोरीच्या सायकलीला पाना कोण लावणार?

आमच्या भागात सायकल एकाएकी मोडत नाही, ती सैल पडत पडत मरते. एक नट ढिला झाला की मडगार्ड खडखडतं, मग चाकाला घासतं. मालक म्हणतो, "चालतंय तोवर चालू द्या." या एका वाक्यानं जेवढ्या सायकली भंगारात गेल्या, तेवढ्या खड्ड्यांनी घालवल्या नसतील.

मानव विकास कार्यक्रमातून १२५ मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू पोरींना सायकली मिळतात. काम सोन्यासारखं आहे. पण सायकल दारात आली की बापाला वाटतं, आपलं कर्तव्य संपलं. अहो, नव्या सायकलीचे नटबोल्ट पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत थोडे ढिलावतातच. तेव्हा ते एकदा सगळे आवळून घ्यायचे असतात. कोण आवळतं? कोणीच नाही. दिवाळीपर्यंत पायडल डुगडुगतं, ब्रेक लागत नाही, आणि सायकल गोठ्यात कडब्याला टेकून उभी. मग "शाळा लांब पडते" म्हणत नववीतच पोरीचं स्थळ बघायला सुरुवात. शाळा लांब पडत नाही हो, नट पडलेला असतो!

हाच बाप पोराच्या मोटारसायकलचं ऑइल वेळेवर बदलतो. वाडवडिलांनी आसाला वंगण घातल्याशिवाय लांबच्या वाटेला बैलगाडी जुंपली नाही. आणि आपण? दसऱ्याला सायकलीला झेंडूचा हार घालतो, हळदकुंकू लावतो, पण चेन गंजून तांबडी झालेली दिसत नाही.

कोणी म्हणतं, पोरीच्या जातीनं पाना धरायचा का? हात काळे होतील. शेण काढताना, तव्याची काजळी घासताना हात काळे होत नाहीत वाटतं?

आणि यात अवघड ते काय? आठवड्यातून एकदा हँडल, सीट, दोन्ही चाकं, ब्रेक आणि पायडल हलवून बघायची. हललं की आवळायचं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्याच्या उलट आवळतं; एवढं ध्यानात ठेवलं की झालं. पायडल सैल असताना सायकल तशीच दामटली तर क्रँकचे आटे जातात आणि खर्च वाढतो. पण पान्याला पाइप अडकवून लोंबकळूही नये, त्यानंही आटे मरतात. नट बसवताना आट्यावर तेलाचा एक थेंब सोडावा, म्हणजे गंज धरत नाही आणि पुढं सहज खोलता येतो. चेनला थेंब थेंब तेल द्यावं आणि वरचं पुसून घ्यावं. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल ओतू नये, त्यावर धूळ बसून चेन झिजते. रिमला आणि ब्रेकच्या रबराला मात्र तेलाचा हातसुद्धा लागू देऊ नये.

माझं मागणं साधं आहे. प्रत्येक शाळेत दोन-चार पाने, एक पेचकस आणि तेलाची कुपी ठेवा. कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुलं पुरे झाली. पोरींना पाना धरायला शिकवा. गुरुजींना येत नसेल तर गावात बसलेले आम्ही म्हातारे आहोत, बोलवा, फुकट येऊ. आणि बापांनो, सायकल वाटपाच्या फोटोत पुढं उभे राहता, तसे रविवारी सकाळी दहा मिनिटं पोरीच्या सायकलीपाशीही बसा.