रोग्याचें ताट आणि रोग्याची पाठ

चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि स्वतः रोगी. शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगीं उपचारांचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं प्रेम आणि शुचिता असावी असें तेथें म्हटलें आहे. हें मीं तरुणपणींच पाठ केलें होतें. परंतु या चारांत ज्ञानाचें नांव प्रेमाच्या आधीं कां, हा प्रश्न मला कधीं पडला नाहीं. गेल्या वर्षीं तो पडला.

आमच्या वडील भगिनी, आक्का, वय वर्षें ७८, न्हाणीघरांत घसरून पडल्या व त्यांच्या खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया यथासांग झाली. दुसऱ्या दिवसापासून त्यांना उठवून बसवा, धरून उभें करा, असें डॉक्टरांनीं बजाविलें होतें. घरीं आणल्यावर मात्र दुखेल म्हणून आम्हीं त्यांना निजवूनच ठेविलें. पचावयास हलकें म्हणून तांदळाची पेज, साबुदाण्याची खीर व मोसंब्याचा रस चालूं होता. पाठ चुरचुरते हें सांगावयास आक्का लाजत, आणि पाठ पाहूं कां, हें विचारावयास आम्ही. तिसऱ्या आठवड्यांत एक परिचारिका आली. तिनें त्यांना कुशीवर वळविलें, तेव्हां माकडहाडावर रुपयाएवढा व्रण दिसला. तिचा पहिला प्रश्न मात्र व्रणाविषयीं नव्हता. "काल आजींच्या पोटांत काय काय गेलें?" असें तिनें विचारलें. आम्ही काय काय दिलें तें सांगूं लागलों. पोटांत किती गेलें हें कोणासच ठाऊक नव्हतें!

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं १८६० च्या सुमारास या दोन्ही गोष्टी लिहून ठेविल्या आहेत: अन्न उशाशीं असूनहि रोगी उपाशी राहतो, आणि शय्याव्रण हा बहुधा रोगाचा नव्हे, शुश्रूषेचा दोष असतो. वाचून मान खालीं गेली.

पेज म्हणजे बव्हंशीं पाणी व पिष्ट. व्रण भरून यावयास प्रथिनें लागतात. ५० किलो वजनाच्या माणसास दिवसाकांठीं सुमारें ६० ते ७५ ग्रॅम. (मूत्रपिंडाचा विकार असेल तर हें प्रमाण डॉक्टरांनींच ठरवावें.) पेलाभर दुधांत सहासात ग्रॅम, मूठभर कोरड्या डाळींत तितकींच, एका अंड्यांत सहा. अंड्याचें नांव काढतांच आमच्या घरांत काय झालें तें लिहीत नाहीं. जेवण थोडें थोडें, पांचसहा वेळां द्यावें. तें पाठ उभी करून, हनुवटी किंचित् खालीं ठेवून. नंतर अर्धा तास आडवें करूं नये. पाणी पितांना ठसका लागत असेल तर डॉक्टरांस सांगावें.

कूस दर दोन तासांनीं पालटावी, अगदीं काटकोनांत नव्हे, पाठीशीं उशी देऊन तिरपी. खुब्याची शस्त्रक्रिया झाली असल्यास कोणती कूस चालेल हें विचारून घ्यावें. पोटऱ्यांखालीं उशी घालून टांचा अधांतरीं ठेवाव्या. रोग्यास फरफटत वर ओढूं नये. दोघांनीं चादरीसकट उचलावें. लाल डाग बोटानें दाबूनहि फिका होत नसेल तर तेथें तेल चोळणें म्हणजे इजेंत भर. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाहीं, म्हणून हात लावून ऊब व कठीणपणा पाहावा. मधें भोंक असलेली गादी शेजाऱ्यांनीं प्रेमानें आणून दिली होती. परिचारिकेनें ती परत पाठविली, कारण तिच्या कडांनीं भोवतालचें रक्त अडतें.

पुढें एकादशी आली. आतुरास उपवास नाहीं, असें मीं सांगूं लागलों. "तूं मला शास्त्र शिकवूं नकोस," असें म्हणून आक्कांनीं भिंतीकडे तोंड फिरविलें. तोड सुनेनें काढली: दूध, दही, राजगिरा व दाण्याची आमटी. उपवासहि राहिला व प्रथिनेंहि गेलीं.

व्रण भरून यावयास चार महिने लागले. सुनेनें खाटेशीं टांगलेली वही अजून तेथेंच आहे. एका बाजूस कूस पालटल्याची वेळ, दुसऱ्या बाजूस पोटांत गेलेलें अन्न. आक्का आतां काठी घेऊन देवघरापर्यंत जातात. मागील एकादशीस वहींत "आमटी, दोन वाट्या" अशी नोंद आहे. अक्षर त्यांचेंच.