नांव आणि ज्ञान

एखाद्या वस्तूस नांव मिळालें म्हणजे ती वस्तु आपणांस कळली, असा समज विद्यार्थिवर्गांत फार दृढ झालेला दिसतो. हा समज ज्ञानास किती बाधक आहे, हें शास्त्रांतीलच एका उदाहरणानें दाखवावें असें आम्हांस वाटतें.

आपल्या रक्ताचा तांबडा रंग हीम नामक द्रव्यामुळें आहे. त्याच्या मध्यभागीं लोहाचा एक अणु असतो व त्याच्या आधारें रक्त प्राणवायु वाहून नेतें. पुष्कळ सूक्ष्म जंतुही हें द्रव्य स्वतः तयार करतात. आपल्या आंतड्यांत राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूच्या ठायीं हीम-सी व हीम-डी हीं दोन जनुकें या कामीं खचित उपयोगी पडतात. त्यांच्याच रांगेंत आणखी दोन जनुकें आढळलीं. शेजार पाहून त्यांसही तेंच कुळनांव देऊन हीम-एक्स व हीम-वाय म्हटलें गेलें. पंगतींत बसला तो सोयरा, असाच हा न्याय!

हीम-वायपासून होणाऱ्या प्रथिनांत सुमारें ३४ अमिनो आम्लांचा एक साचा पुनःपुनः येतो. जात्यावरील ओव्यांत शब्द बदलतात पण घडण तीच राहते, तसाच हा प्रकार. हा साचा १९९० सालीं प्रथम ओळखला गेला. तो असलेलीं प्रथिनें बहुधा इतर प्रथिनांस धरून ठेवतात. उलट, मातींत राहणाऱ्या बॅसिलस सब्टिलिस जंतूंतील हीम-वाय हें प्रथिन अगदीं निराळें. तें हीमच्या पूर्वद्रव्यांतून हायड्रोजन काढून घेतें. नांव एक, वस्तु दोन! अखेर २०१७ सालीं हॅरी डेली व त्यांचे सहकारी यांनीं हा घोळ निस्तरण्यासाठीं बॅसिलसमधील प्रथिनास नवें नांव सुचविलें.

यांत शास्त्रज्ञांस हंसण्याजोगें कांहीं नाहीं. अज्ञात वस्तूस तात्पुरतें नांव द्यावेंच लागतें. शेजार हा शोधाचा धागा आहे. त्यास पुरावा मानून चौकशी थांबविली कीं अनर्थ होतो. आमच्या मतें हाच दोष आपल्या अभ्यासांत शिरला आहे. पाठ केलेल्या नांवांस गुण मिळतात. तें कोणीं व कसें पाहिलें, हें पुसणारास मिळत नाहींत. पालकांनीं मुलांचे गुण अवश्य पाहावे, परंतु "हें खरें कशावरून?" असेंही त्यांस विचारावें. ज्यास या प्रश्नाची संवय लागली, तो शास्त्रांत काय किंवा समाजांत काय, केवळ शेजारावरून वा कुळनांवावरून कोणाची पारख करणार नाहीं.