मिसळणाच्या डब्यात सातच वाट्या

आमचा पुतण्या बंगळूरला संगणकाचे काम करतो. गेल्या दिवाळीला घरी आला तो तोंड पाडूनच. विचारले तर म्हणाला, "काका, माझं काम परत पाठवलं."

वाचकहो, वेबसाइट बांधायला तयार सांगाडे मिळतात, त्यांना फ्रेमवर्क म्हणतात. त्यातले पुष्कळ 'ओपन सोर्स'. म्हणजे कोणीही फुकट वापरावेत, उघडून पाहावेत, सुधारावेत. अशाच एका सांगाड्यासाठी पठ्ठ्याने महिनाभर रात्री जागून एक सोय लिहिली होती. फॉर्ममधले आकडे मराठीत किंवा कन्नडमध्ये भरले तरी चालावेत. सांभाळणाऱ्यांनी कळवले, काम चांगले आहे, पण सध्या गाभ्यात नको. वेगळे पॅकेज करून ठेवा, पुढे पाहू. "आपल्या भाषांना जागाच नाही," असे त्याने मनाला लावून घेतले. हे वाक्य आपल्या भागात कुठे जाऊन टोचते ते तुम्हाला काय सांगायचे!

सौ. धारवाडच्या. मिसळणाचा डबा भरता भरता त्या म्हणाल्या, "आम्याले नोडोणू अंदार, ब्याड अंदिल्लल्ल!"

पोरगा हसला, आणि मग त्यानेच जँगोची गोष्ट सांगितली. हा सांगाडा जन्मला चक्क वर्तमानपत्राच्या कचेरीत. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या दैनिकासाठी एड्रियन होलोवॅटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ साली तो रचायला घेतला. २००५ च्या जुलैत तो सगळ्यांना खुला झाला. नाव दिले जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे.

आता माहितीच्या तक्त्यात नवा रकाना आखायचा, पण जुन्या नोंदी पुसू द्यायच्या नाहीत, ही गरज कोणाला नसते? तरी जँगोत ती सोय सुरुवातीला नव्हती. अँड्र्यू गॉडविन यांनी २००८ मध्ये 'साउथ' नावाचे वेगळे पॅकेज केले. त्याच कामाची इतरही पॅकेजे होती. लोकांनी वापरून पाहिली आणि बहुतेक साउथकडे वळले. मग २०१३ मध्ये लोकवर्गणी जमली, गॉडविन यांनीच ते काम नव्याने लिहिले आणि २०१४ च्या १.७ आवृत्तीत ते गाभ्यात आले. सहा वर्षे उमेदवारी! तोवर कोणती गोष्ट अडते, काय नको, हे सगळे हजारो वापरणाऱ्यांनी दाखवून दिलेले होते.

आत घेतलेले बाहेर काढणे मात्र फार जड जाते. वाचकांच्या प्रतिक्रियांची सोय जँगोबरोबरच मिळे. वर्तमानपत्राच्या घरातले अपत्य ते! पण प्रत्येकाची गरज निराळी निघाली. २०१३ मध्ये १.६ आवृत्तीत निरोपाची सूचना झाली आणि २०१५ मध्ये ती सोय बाहेर गेली. आधी सांगून, वेळ देऊन काढावे लागते, कारण जगात कोणाची तरी साइट त्यावर उभी असते.

पुतण्याला खरे पटले ते 'लोकलफ्लेवर'मुळे. देशोदेशीचे पिनकोड, राज्यांच्या याद्या असा तो भाग होता. तोही २०१३ च्या सुमारास वेगळा निघाला. का? २ जून २०१४ ला तेलंगण झाले. अशी यादी गाभ्यात असली तर एका नावासाठी अख्ख्या जँगोच्या पुढच्या आवृत्तीची वाट पाहायची. वेगळ्या पॅकेजात ती लगेच सुधारता येते. आणि भाषांचे म्हणाल तर जँगोच्या भाषायादीत कन्नडही आहे नि मराठीही. म्हणजे दार बंद नव्हते. (माझे मत विचाराल तर उत्तर देणाऱ्यांनी चार गोड शब्द जास्त लिहायला हरकत नव्हती. पण तेही बहुतेक नोकरी सांभाळून, विनापगार हे करणारे. लिहिणारा निघून जातो, दुरुस्ती त्यांच्या गळ्यात राहते.)

सौ.नी डबा बंद केला. सात वाट्या. तीळ रोज लागत नाहीत, ते फडताळात. पण संक्रांतीला शोधावे लागत नाहीत.

संक्रांतीनंतर पुतण्याचा फोन आला. पॅकेज बाहेर पडले आणि पहिली तक्रारही आली: एकाच आकड्यात अर्धे अंक मराठी नि अर्धे कन्नड आले तर काय करायचे? त्याला हे सुचलेच नव्हते. मी म्हटले, आपल्या घरातली फोन नंबरांची वही काढून बघ, तसे दहा तरी सापडतील.