जड पाणी आणि ज्येष्ठांची तहान

कोल्हापूरच्या उपनगरांत अनेक घरांत नळाच्या पाण्याला बोअरची जोड असते. भूगर्भातील खडकांमधले कॅल्शियम व मॅग्नेशियम घेऊन आलेल्या या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही आणि पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरतो. तो थर पाहून ‘मुतखडा होईल’ या धास्तीने घरातील वडीलधारी मंडळी पाणीच कमी पितात. खरा अपाय होतो तो येथेच. पाणी कमी पडले की लघवी दाट होते आणि खड्याचा संभव उलट वाढतो. शिवाय उतारवयात तहानेची जाणीवही मंदावलेली असते.

भारतीय मानकानुसार पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालते. म्हणून बोअरचे पाणी एकदा तपासून घ्यावे. उकळून निवविल्यास काही क्षार खाली बसतात. वरचे निवळ पाणी प्यावे. मिठावर चालणाऱ्या सॉफ्टनरमुळे पाण्यात सोडियम वाढते. रक्तदाब असल्यास पिण्याचा नळ त्यापासून वेगळा ठेवावा. स्नानाच्या वेळी साबण बेताने लावून नीट धुवावा आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल लावावे. खाज कमी होते.

हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांनी ठरविलेले प्रमाणच पाळावे. एरवी आजी-आजोबांच्या हाताशी भरलेला तांब्या ठेवावा आणि तो रिकामा झाला का, हे प्रेमाने पाहावे.