दाराशी ठेवलेला डबा



गेल्या मे महिन्यात मी चार आठवडे घराबाहेर राहिले. कुणाचं आजारपण नव्हतं, बाळंतपण नव्हतं, की मी माहेरपणाला गेले नव्हते. मी चित्रं काढायला गेले होते. एका संस्थेनं भरवलेल्या उन्हाळी निवासात आम्हा सहाजणांना मिळून एक मोठी खोली स्टुडिओ म्हणून मिळाली होती. तीन बाया, तीन पुरुष.

घरी सांगताना मात्र माझी जीभ अडखळली. सासूबाई म्हणाल्या, ''वाळवणं व्हायची आहेत अजून, आणि तू कुठे निघालीस?'' त्यांचं काय चुकलं? मुलांची सुट्टी, पाहुणे, लग्नसराई, कुरडया, पापड, लोणची! जगाची सुट्टी ती बाईच्या कामाची सुगी. मुलांना कोण बघतंय, हा प्रश्न तिथं आम्हा तिघींनाही विचारला गेला. पुरुषांपैकी दोघांना लहान मुलं होती. त्यांना कुणीच विचारलं नाही.

पहिले चार दिवस सगळ्यांचे चहाचे कप मीच विसळत होते. कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप वळत होते. शेवटी शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, ''कप राहू दे, ब्रश धर.'' दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाळ्यांचा कागद लागला. एकत्र स्टुडिओचा खरा फायदा मला तिथं कळला. दुसरी बाई आपलं फसलेलं चित्र बिनदिक्कत पुसून पुन्हा सुरू करते, हे रोज डोळ्यांसमोर दिसलं की आपलीही भीड चेपते.

अशा निवासांचा इतिहास पाहिला तर तिथंही एक बाई उभी दिसते. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या पीटरबरो गावी संगीतकार एडवर्ड मॅकडॉवेल आणि त्यांची पत्नी मॅरियन यांनी १९०७ साली कलावंतांसाठी वसाहत सुरू केली. १९०८ मध्ये एडवर्ड वारले. पुढे कित्येक वर्षं मॅरियननंच ती वसाहत चालवली. ती स्वतः पियानोवादक. गावोगाव कार्यक्रम आणि भाषणं करून तिनं त्यासाठी पैसा उभा केला. तिथल्या एका प्रथेचं फार कौतुक होतं: दुपारचं जेवण टोपलीत भरून स्टुडिओच्या दाराशी ठेवायचं, म्हणजे आतल्या कलावंताचं काम मोडत नाही.

ही टोपली भरतं कोण, हे आपण विचारायला हवं. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई एकदा माझ्या टेबलापाशी थांबल्या. चित्र बघितलं. म्हणाल्या, ''मला कुणी महिनाभर असा आयता डबा दिला, तर मी आधी आठ दिवस नुसती झोपेन.'' त्या हसल्या. मला हसता आलं नाही. घरी सासूबाई आणि इथं या बाई, दोघींच्या कष्टांवर माझा महिना उभा होता.

म्हणून मला दोन गोष्टी मांडायच्या आहेत. असे निवास भरवणाऱ्या संस्थांनी सलग महिन्याची अट सोडावी, दहा-दहा दिवसांचे तुकडे चालवून घ्यावेत, मूल सोबत आणायची सोय करावी आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईला रास्त पगार व हक्काची सुट्टी द्यावी. दुसरी गोष्ट आपल्याच हातातली आहे. आपल्या संघटनांच्या कचेऱ्या मे महिन्यात दुपारभर रिकाम्या असतात. त्यातली एक खोली आठवडाभर उघडी ठेवू या. गोधडी शिवणारी, ओव्या रचणारी, पोस्टर रंगवणारी, कुणीही यावं. स्वयंपाकाची पाळी घरच्या पुरुषांनी घ्यावी. आणि ज्या बाईला आठ दिवस नुसतं झोपायचं आहे, तिच्यासाठीही एक चटई अंथरलेली असावी.

तुमच्या गावात अशी खोली निघेल का? जरूर कळवा.